घामाचे दाम आणि पोत्याचं वजन

सोयाबीन काढून झालं की आमच्या मेडशीतून पोत्यांच्या गाड्या निघतात; काही मालेगावकडे, काही अकोल्याकडे. यंदा माझीही होती. काट्यावर आकडा दिसला आणि लगेच खाली आला. थोडं बारदान्याचं म्हणून, थोडं ओलाव्याचं म्हणून. ओलावा मोजताना मला यंत्र कुणी दाखवलं नाही.

घरी आलो तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "दाम बरा भेटला काय, गुरुजी?"

मराठी शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे 'दाम' डोक्यातून जाईना. हा शब्द आला ग्रीकांच्या 'द्राख्मे'वरून. द्राख्मे म्हणजे मूठभर. ६ सळया मुठीत मावत, तेवढ्याचं ते मोल. पुढे ते चांदीचं नाणंही झालं आणि वजनही. अरबांनी त्याचा दिरहम केला. स्पेनमध्ये तो 'आदार्मे' झाला: औंसाचा १६वा भाग, सुमारे पावणेदोन ग्रॅम. इकडे संस्कृतात 'द्रम्म' झाला. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त कोष्टकच आहे: १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. द्रम्माचा पुढे दाम झाला. अकबराच्या काळी ४० दामांचा रुपया होई, आणि दामाचा आठवा हिस्सा म्हणजे आपली दमडी.

नाणं आणि वजन असं एकाच शब्दात नांदत होतं. १८३५चा रुपया बरोबर एक तोळ्याचा होता. 'रुपयाभार' हे वजनाचं मापही होतं. वजनात खोट म्हणजे पैशात खोट, हे सांगावं लागत नसे.

शब्द मात्र उलटेही फिरतात. व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येणार नाही, हा 'दामदुप्पट'चा जुना नियम कर्जदाराला वाचवणारा. आता तोच शब्द पैसे दुप्पट करून देणाऱ्या ठगांच्या तोंडी आहे.

शेतकरी संघटनेनं 'घामाचे दाम' मागितले, तेव्हापासून आपण भावावर भांडतो. भांडायलाच हवं. पण वजनावर कोण भांडणार? सोयाबीनला १२ टक्के ओलावा चालतो. मग यंत्राचा आकडा शेतकऱ्यासमोर वाचा आणि कापलेला प्रत्येक किलो कारणासह पावतीवर लिहा. याला नवा कायदा लागत नाही, एक पेन लागतो.

काकूंना मी कापलेले किलो सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग तेवढ्याचे पैसे कोणाले गेले?"