धनुर्वृक्षाच्या रानात परके धनुष्य

लोणावळ्याच्या सहलकेंद्रांत हौशी पाहुण्यांच्या हाती जे धनुष्य दिले जाते, ते बहुधा फायबरचे असते. ज्या सह्याद्रीच्या कुशीत ही हौस भागवली जाते, त्याच्याच पानझडी रानांत धामण उगवते. (सापाचेही नाव तेच, येथे गोष्ट झाडाची आहे.) संस्कृतात ती ‘धन्वन’, निघंटूंनी तर तिला सरळ ‘धनुर्वृक्ष’ म्हटले. झाडाच्या नावातच त्याचा उपयोग सांगणाऱ्या समाजाचे वंशज आज ते झाड ओळखतही नाहीत.

धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक. अवजारांचे दांडे, कावडी त्याच्याच होत. धनुष्य वाकले की त्याची पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. म्हणून कसबी माणूस सालीलगतची उभी रेषा अखंड राखतो, लाकूड सावलीत सावकाश वाळवतो आणि पोटाकडूनच तासत जातो; दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत. पाठीची रेषा तुटली की धनुष्य मोडलेच म्हणायचे. कौटिल्याने धनुष्यासाठी ताड, बांबू, लाकूड व शिंग ही द्रव्ये सांगितली. प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग यांच्या पंक्तीत वेळूही बसवला. भिल्लांच्या धनुष्याला बांबूच्या कामटीची प्रत्यंचा असते, ती काही त्यांनी अर्थशास्त्र वाचून लावलेली नाही. ग्रंथ आणि रान यांचे ज्ञान येथे एकच होते.

ते तुटले कसे? इंग्रजांच्या १९२७ च्या वन कायद्याने बांबूला ‘वृक्ष’ ठरवले. एका गवताला झाडांच्या यादीतून काढण्यास या देशाला २०१७ साल उजाडावे लागले, आणि तीही सवलत वनक्षेत्राबाहेरच! कातकऱ्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने थांबली, ते योग्यच झाले. पण शिकारीबरोबर धनुष्याचे कसबही पुरावे, असे त्या कायद्यात कोठे लिहिले आहे? एकलव्याच्या नावाने पुरस्कार द्यायचे आणि त्याच्या वारसाने रानातून एक फांदी आणली तर त्याला गुन्हेगार मानायचे, हा दुटप्पीपणा आमच्या व्यवस्थेला शोभतो.

लाकडी धनुष्याने ऑलिंपिक पदक मिळत नाही, हे उत्तर ठरलेले आहे. खरेच आहे ते. २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेते ठरलेले साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे आधुनिक कंपाउंड धनुष्यावरच खेळले. त्यांचा अभिमान आहेच. परंतु तसा संच लाखांच्या घरात जातो. वाडीवरच्या मुलाचे पहिले धनुष्य कोणते असावे? आपल्याच राष्ट्रीय स्पर्धांतील ‘इंडियन राउंड’ हा प्रकार बांबू-लाकडाच्या धनुष्यावर उभा राहिला. भूतानने १९७१ मध्ये धनुर्विद्येला राष्ट्रीय खेळ केले, जपानने क्यूदोचे लाकूड-बांबूचे धनुष्य सोडले नाही, आणि तुर्कस्तानने आपल्या पारंपरिक तिरंदाजीला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नेले. त्यांना कोणी मागासलेले म्हणत नाही.

सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली महाराष्ट्रभर गिरिपुष्प आणि परदेशी बाभळींची रोपे लावली गेली. सरकारी रोपवाटिकेत धामणीची रोपे किती, हा प्रश्न मावळातील ग्रामसभांनी येत्या पावसाळ्यापूर्वी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.