काळविटांचे दोन मुलूख

कारंजा-सोहोळ अभयारण्य म्हणजे घनदाट जंगल नव्हे. वाशिम जिल्ह्यातील सुमारे १८ चौरस किलोमीटरचे हे गवताळ माळरान काळविटांसाठी राखलेले आहे. काळविटाला दाट झाडी मानवत नाही. मोकळे रान, लांबवर पोहोचणारी नजर आणि वेगवान पाय हेच त्याचे संरक्षण.

म्हणूनच सातासमुद्रापलीकडे, दक्षिण गोलार्धातील अर्जेंटिनाच्या 'पंपास' या विस्तीर्ण गवताळ मैदानातही तो सहज रुजला. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे भारतीय काळवीट नेण्यात आले, ते शिकारीच्या हौसेसाठी. आजही तेथील खासगी कुरणांत शिकारी पैसे मोजून त्याचा वेध घेतात. पंपासचे मूळचे हरिण मात्र शेती, गुरे आणि शिकार यांच्या रेट्यात मोजक्या ठिकाणी उरले आहे.

इकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला अभय दिले. शांतिनाथ भगवंतांचे लांछन हरिण (शास्त्रानुसार काळवीट कुरंग, पण लोकांच्या लेखी हरिणच), आणि कारंजा तर भट्टारक-पीठांचे गाव. तेव्हा या अभयाचे समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या जीवदयेचा खर्च बहुतांशी माळालगतचा शेतकरी भरतो. कोवळ्या सोयाबीनमध्ये, हरभऱ्यात कळप उतरतो. मग अर्ज, पंचनामा, भरपाईची प्रतीक्षा. हंगामाअखेर तो बाजार समितीत येतो, तेव्हा काटा होतो तो उरलेल्या पोत्यांचाच.