युद्धाश्वांची बेबाकी

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने सव्वा लाखांहून अधिक घोडे समुद्रपार धाडले; त्यांपैकी गॅलिपोलीच्या मोहिमेत जखमी होऊन वारलेल्या जनरल ब्रिजिस यांचा सँडी तेवढा मायदेशी परतला. ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी ज्यांनी दीर्घकाळ तहानलेल्या अवस्थेत बीरशेबाच्या खंदकांवर झेप घेऊन तेथील विहिरी आपल्या फौजेच्या हाती दिल्या, त्यांच्याच जातभाईंना परत नेण्याची वेळ आली तेव्हा सरकारी दप्तराला जहाजाचे भाडे आणि रोगसंसर्गाचे भय आठवले. शिपायांना पदके, सरदारांना पुतळे. घोड्यांपैकी कित्येकांना गोळी, तर इतरांची रवानगी अन्य फौजांत. ब्रिटिश फौजेने इजिप्तमध्ये विकलेल्या घोड्यांपैकी वाचलेली वृद्ध जनावरे कैरोच्या रस्त्यांवर गाडे ओढताना १९३० साली डोरोथी ब्रूक या बाईंना आढळली. त्यांनी वर्गणी जमवून अशी सुमारे पाच हजार जनावरे विकत घेतली (बहुतेकांना वेदनारहित मरणच देता आले) आणि १९३४ साली तेथे प्राण्यांचे रुग्णालय काढले. सरकारचे देणे परक्या मुलखात एका गृहिणीने फेडावे, ही कोणत्याही सल्तनतीला लांच्छनास्पद गोष्ट होय. जनावर भरती करतानाच त्याच्या वार्धक्याची तरतूद लष्करी अंदाजपत्रकात झाली पाहिजे. ती परवडत नसेल, तर भरतीही परवडत नाही.