हे पुस्तक तिनेच लिहिले होते

#थ्रेड

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. मुक्त करणाऱ्यांची ही ओळख मराठी वाचकाला जुनी आहे. गुलामांनी स्वतः काय लिहिले, हे मात्र त्याला फारसे ठाऊक नाही.

गुलामीविरोधी साहित्य म्हटले की हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’ आठवते. १८५२ साली ती ग्रंथरूपात आली आणि अमेरिकेत वर्षभरात सुमारे ३ लाख प्रती खपल्या. तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या लढ्याचे साहित्य म्हणजे तेवढेच, असे मानणे हा अन्याय आहे. आणि तो जुनाच आहे.

गुलामी आपोआप मावळत होती, हा समजही सोडून द्यावा. १७९३ मध्ये एली व्हिटनी यांचे सरकी काढण्याचे यंत्र आले आणि कापसाने दक्षिण व्यापली. १७९० मध्ये देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख. बाहेरून गुलाम आणण्यास तर १८०८ पासूनच बंदी होती! व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून सुमारे १० लाख माणसे मिसिसिपी, अलाबामा, लुइझियानाच्या मळ्यांकडे नेली गेली. कित्येक साखळदंडांत, पायी. आईपासून मूल तुटणे हा त्या व्यवस्थेतला अपघात नव्हता, व्यवहार होता.

त्या व्यवहारातून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्ये आत्मकथन लिहिले. त्यात मालकांची नावे स्पष्ट छापली, म्हणून पकडले जाण्याच्या भीतीने त्यांना ब्रिटनला जावे लागले. तरीही पुस्तकाच्या आरंभी गॅरिसन आणि फिलिप्स या दोन गोऱ्या सुधारकांचे लेखन जोडलेले होते. दक्षिणेच्या न्यायालयांत गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नसे. उत्तरेच्या छापखान्यातही ती दाखल्यासह चाले.

हॅरिएट जेकब्स यांची कथा याहून बोचरी आहे. मालकाच्या वासनेपासून बचावण्यासाठी त्या नॉर्थ कॅरोलायनातील ईडन्टन गावी आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ ७ वर्षे दडून राहिल्या. तिथे उभेही राहता येत नव्हते. पुढे त्या उत्तरेत पळाल्या. एका मैत्रिणीने त्यांची हकीकत कळवून स्टो यांचे साहाय्य मागितले. स्टो यांनी ते पत्र शहानिशेसाठी जेकब्स यांच्या मालकीणबाईंकडेच धाडले, आणि ती हकीकत आपल्या पुढील पुस्तकात घालण्याची तयारी दाखवली. लेकरांच्या जन्माचे जे सत्य जेकब्स यांनी त्या घरात उच्चारले नव्हते, ते असे उघडे पडले. सद्हेतूही किती उद्दाम असू शकतो!

जेकब्स यांनी नकार दिला. दिवसा त्या घरची मुले सांभाळून रात्री स्वतः लिहिले. १८६१ मध्ये पुस्तक आले ते लिंडा ब्रेंट या टोपणनावाने. संपादिका म्हणून नाव होते लिडिया मारिया चाइल्ड यांचे. पुढे अभ्यासकांनीच ठरवून टाकले, की ही चाइल्ड यांनी रचलेली कादंबरी असावी.

१९८० च्या दशकात जीन फेगन येलिन या संशोधिकेने जेकब्स यांची जुनी पत्रे पुढे ठेवली. तीच भाषा, तीच शैली. लेखिकेला तिचे पुस्तक परत मिळायला सव्वाशे वर्षे लागली.