धर्मशिक्षणाच्या वर्गाला तुम्ही हवे आहात

रविवारची मिस्सा संपली की आपण अंगणात घटकाभर बोलतो आणि घरची वाट धरतो. त्याच वेळी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा असतो. तो घेणार कोण? फादरांना पुढच्या गावी मिस्सेला जायचे असते, सिस्टरांचे हात आधीच भरलेले. उरतो आपण, आणि नेमके आपणच मागे सरकतो.

"मला कुठे एवढे बायबल येते?" असे म्हणू नका. पेणच्या पोरांना शाडूची माती ओळखीची आहे. ओली मूर्ती बिघडली तर कारागीर ती माती फेकत नाही, पुन्हा मळतो, हे त्यांनी गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांनी पाहिलेले असते. यिर्मया संदेष्टा कुंभाराच्या घरी गेला आणि चाकावर बिघडलेल्या मातीचेच दुसरे भांडे घडताना त्याने पाहिले, ती गोष्ट या मुलांना सांगून बघा. चुकलेल्या माणसाला देव टाकून देत नाही, हे ती तुमच्या आधी बोलून दाखवतील. ख्रिस्ताने शिष्यांना मीठ का म्हटले, हे मिठागरांच्या या तालुक्यात वेगळे समजवावे लागते का? असा धडा मुंबईहून छापून येणार नाही. तो इथल्याच माणसाने, इथल्याच बोलीत द्यायचा आहे.

आपल्या भाषेची ही भूक जुनी आहे. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. जुनी पुराणे सोडलेल्या नवख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत वाचायला काही हवे होते. स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात केली, जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या आणि 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापून निघाले. परदेशातून आलेल्या माणसाने आपल्या मराठीसाठी एवढे कष्ट उपसले आणि आपल्याला आठवड्याचा एक तास जड व्हावा?

हे काम फक्त झगा घातलेल्यांचे, असा समजही सोडा. आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये स्पष्ट सांगितले. 10 मे 2021 रोजी पोप फ्रान्सिस यांनी प्रापंचिक धर्मशिक्षकाच्या सेवेला चर्चमध्ये रीतसर स्थान दिले. धाटवच्या कंपनीतला फिटर, नागोठण्याची परिचारिका, बारावी झालेली मुलगी, निवृत्त मास्तर, कोणीही पुढे यावे. शिफ्ट बदलते? मग दोघांनी मिळून एक वर्ग घ्या. एकाला जमले नाही तर दुसरा उभा राहील. शिवाय मुलांच्या वर्गात दोन मोठी माणसे आणि उघडे दार असावे, हे कधीही चांगलेच.

पहिल्या कम्युनियनच्या तयारीला नुसते पाठांतर पुरत नाही. आठ वर्षांचा मुलगा विचारतो, "भाकर येशू कशी होते?" या प्रश्नावर ओरडू नका. ठाऊक असेल तेवढे सांगा, नसेल तर "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणा आणि खरोखर विचारून या. मुले तुमचे ज्ञान मोजत नाहीत, तुम्ही शब्द पाळता का ते बघतात.

आणखी एक सांगतो. आपली मुले गणपतीच्या गावात वाढतात, शेजारच्या घरचे मोदक खातात. आपला विश्वास शिकवताना त्या शेजाऱ्याच्या श्रद्धेला एकही हिणकस शब्द लागता कामा नये. स्वतःच्या घरात पाय घट्ट रोवलेले मूलच दुसऱ्याच्या दारात आदराने उभे राहते, हे मी मनापासून मानतो.

तेव्हा पेणकरांनो, रोहेकरांनो, येत्या रविवारी मिस्सेनंतर लगेच पायात चपला घालू नका. फादरांना गाठा, आपले नाव द्या, कोणत्या इयत्तेचा वर्ग रिकामा आहे ते विचारा. जाताना शेजारच्या बाकावरच्या एकाला हाताला धरून सोबत न्या. वर्गाला दोघे लागतात.