सर्व्हर नवा, पण नोंदी कुठे ठेवल्यात?

मंडळी, सरकारी ऑनलाइन सेवा 'कुबरनेटिस'वर नेतो म्हटलं की सगळे माना डोलावतात. गुगलने 2014 मध्ये खुली केलेली ही व्यवस्था आहे चांगलीच. प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतो, एक बंद पडला की दुसरा आपोआप उभा राहतो. वेबसाइटसाठी झकास!

पण जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीच्या पावत्या असतात डेटाबेसमध्ये. कंटेनर गेला की त्याच्या आत लिहिलेलंही जातं. म्हणून पोस्टग्रेससारखा डेटाबेस तिथे 'स्टेटफुलसेट' करून चालवतात आणि डेटा बाहेरच्या कायम डिस्कवर ठेवतात. खरी मेख इथंच. आपोआप तयार होणाऱ्या या डिस्कचं मूळ सेटिंग बहुतेक ठिकाणी 'डिलीट' असतं. डिस्कसाठीचा 'क्लेम' कुणी पुसला, की नोंदींसकट डिस्क गायब. ते 'रिटेन' करणं मिनिटांचं काम, पण सांगणारा माणूस हवा ना!

दुसरी प्रत आहे म्हणता? चुकून पुसलेली नोंद त्या प्रतीतूनही लगेच पुसली जाते. तो बॅकअप नव्हे.

31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये (तिथे कुबरनेटिसचा दोष नव्हता) मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. पाच उपायांपैकी एकही धड चालला नाही. सहा तासांपूर्वीची प्रत योगायोगाने होती, म्हणून वाचले.

तेव्हा निविदेत नुसतं 'क्लाउड' लिहून भागणार नाही. बॅकअपवरून डेटाबेस शेवटचा कधी उभा करून पाहिला, ती तारीख कार्यालयाच्या फळ्यावर लावा. त्यासाठी आम्हाला माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावू नका.