बाकोबा आणि तीन मार्क

परवा भाचीचा फोन आला. नववीत आहे. "मामा, माझं प्रमेय खरंच चुकलंय का रे?" पाठोपाठ उत्तरपत्रिकेचा फोटो.

प्रमेय तेच, आपण सगळ्यांनी घोकलेलं. त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतील तर त्यांच्या समोरचे कोनही एकरूप असतात. मार्क तीनपैकी शून्य. शेजारी लाल शाईत "रचना कुठे?"

पुस्तकात रचना आहे खरी. शिरोबिंदूपाशी कोनदुभाजक काढायचा, त्रिकोणाचे दोन भाग करायचे आणि ते एकरूप दाखवायचे. भाचीने दुभाजक काढलाच नव्हता. तिने लिहिलं होतं: त्रिकोण अबक आणि त्रिकोण अकब घेऊ. बाजू अब = बाजू अक (पक्ष). कोन अ सामाईक. बाजू अक = बाजू अब (पक्ष). बाकोबा कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप, म्हणून कोन ब = कोन क. संपलं!

पहिल्यांदा मलाही वाटलं, पोरगी एकच त्रिकोण दोनदा लिहून चलाखी करतेय. मग कागदाचा त्रिकोण कापला, वहीत गिरवला आणि पालथा करून त्याच रेघांवर ठेवला. चपखल बसला. तिने शब्दांत नेमकं हेच केलं होतं.

आणि गंमत म्हणजे हीच सिद्धता अलेक्झांड्रियाच्या पॅपसने चौथ्या शतकात दिलेली आहे. त्याच्या सुमारे सहाशे वर्षं आधी युक्लिडने 'एलिमेंट्स'च्या पहिल्या खंडातल्या पाचव्या प्रमेयात एवढ्याचसाठी दोन्ही बाजू खाली वाढवून भलं मोठं लांबण लावलं होतं. पॅपसने एकही रेघ जास्तीची काढली नाही. आमच्या शाळेत त्यालाही शून्यच मिळालं असतं.

मला सांगा, रचना म्हणजे काय? अडलं तर हातात घ्यायची काठी. जो काठीशिवाय चालत गेला त्याला 'काठी कुठे?' म्हणून दंड करायचा?

बाईंची बाजू मला समजते. पेपरांचा गठ्ठा, समोर नमुना उत्तर, वरून मुदत. पण मग इतिहासातल्या सनावळीत आणि भूमितीत फरक काय राहिला? सन चुकला की बरोबर हे पोराला पुस्तकावर विश्वास ठेवूनच मानावं लागतं. भूमितीत तसं नाही. इथे तेरा-चौदा वर्षांचं पोर स्वतः ताडून बघू शकतं आणि मोठ्यांना विचारू शकतं, "माझी कुठली पायरी चुकली, दाखवा." कोन आणि त्रिकोण पुढे किती जणांच्या कामी येतात कोण जाणे, पण हे विचारण्याची सवय जन्मभर कामी येते. ती मोडायची असेल तर पक्ष, साध्य, रचना, सिद्धता यांचा साचा पाठ करून घेणं हा रामबाण उपाय आहे.

मी भाचीला म्हटलं, "अगदी बरोबर आहे तुझं. बाईंना जाऊन विचार, चूक कुठल्या ओळीत आहे."

ती म्हणाली, "जाऊ दे रे मामा. पुढच्या वेळी दुभाजक काढून टाकीन."

तीन मार्क गेल्याचं मला काही वाटत नाही. हे वाक्य मात्र डोक्यातून जात नाहीये.

असो. वाचणाऱ्यांत कुणी गणिताचे शिक्षक असतील तर एवढंच करा... शून्य देण्याआधी कागदाचा एक त्रिकोण कापून बघा.